पीसीबी गेला, पण कशाने?

श्टुटगार्टला माझ्या घरात असलेले वॉशिंग मशीन आणि नेरुळला आई-बाबांकडे असलेले मशीन यांत आतून फारसा फरक नाही. दोन्हीकडे घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. दोन्ही मशीनमध्ये पाण्याचा व्हॉल्व्ह, ड्रेन पंप, हीटर, दरवाज्याचे लॉक आणि या सगळ्यांचे नियंत्रण करणारे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्हणजेच पीसीबी, आहे. फरक आहे तो मशीन बंद पडल्यावर पुढे काय घडते यात. गेल्या पावसाळ्यात नेरुळचे मशीन बंद पडले, तेव्हा तो मला जवळून पाहता आला. तो अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण पीसीबी गेला असे ऐकून मुकाट्याने पैसे मोजणारी घरे नवी मुंबईत पुष्कळ आहेत आणि तो कशाने गेला हे विचारणारी फार थोडी.

मशीनचा एकही दिवा लागत नव्हता. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने सॉकेटमध्ये वीज येते आहे एवढे पाहिले, बटण दाबून पाहिले, आणि पीसीबी गेला असे सांगून नवीन मशीनच्या किमतीच्या जवळजवळ निम्म्या रकमेचा अंदाज लिहून दिला. त्याला मी दोष देणार नाही. दिवसभरात ठरलेल्या घरी पोहोचायचे असते आणि त्याच्या हातात असलेला उपाय म्हणजे पूर्ण कार्ड बदलणे हाच असतो. पण पूर्ण बंद पडलेले मशीन आणि काही कामे करून मध्येच थांबणारे मशीन यांचे निदान वेगवेगळ्या वाटांनी करावे लागते. मशीन पाणी घेते पण सोडत नाही, अशी तक्रार असेल तर आधी पंपाची जाळी आणि पंप पाहायचा असतो. पडद्यावर दिसणारा एररचा कोडसुद्धा कार्डाला काय जाणवले एवढेच सांगतो, काय बिघडले ते सांगत नाही. आमच्याकडे एकही दिवा नव्हता, त्यामुळे शोध सप्लायच्या भागापासून सुरू करणे योग्य होते.

बाबांनी शिरवणे गावातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून टीव्हीच्या दुरुस्तीपासून सुरुवात केलेले हे गृहस्थ आता मुख्यतः मशीन, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर एसीची कार्डे दुरुस्त करतात. मी व्हिडिओ कॉलवर होते. त्यांनी प्लग काढून कार्ड बाहेर घेतले आणि लगेच मीटर न लावता ते उजेडात तिरके धरून बराच वेळ नुसते पाहिले. माझ्या मते निदानाचा निम्मा भाग तिथेच असतो: फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), टाक्याभोवती पडलेली बारीक गोल भेग, खाडीकाठच्या दमट हवेने हिरवे पडलेले तांबे, झुरळांची विष्ठा, हे सगळे डोळ्यांना आधी दिसते.

आमच्या कार्डावर वीज आत शिरते तिथेच काचेचा फ्यूज आतून काळा झाला होता आणि त्याच्या शेजारची निळी चकती फुटून तिच्या कडेला काजळी आली होती. फ्यूजची तार नुसती तुटलेली दिसली तर तो जुना झाला असू शकतो. काच काळी पडली असेल तर मोठा प्रवाह एकदम वाहून गेला, म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट झाला, असे समजावे. ती निळी चकती म्हणजे व्हॅरिस्टर. तिच्यावर ४७१ हा आकडा वाचता येत होता, म्हणजे सत्तेचाळीसपुढे एक शून्य, ४७० व्होल्ट; हा आकडा डीसीचा असतो. अशी चकती घरगुती एसी पुरवठ्यात साधारण ३०० व्होल्टपर्यंत शांत बसते आणि त्यापलीकडे दाब गेला की स्वतःमधून प्रवाह वाहू देते. दाब क्षणभराचा असेल तर ती तो गिळून टाकते. तो टिकून राहिला तर ती तापून शॉर्ट होते, फ्यूज उडतो आणि मागचे कार्ड बहुतेक वेळा वाचते. म्हणजे इथे बिघडलेला भाग आपले काम चोख करून गेला होता.

काकांनी जळलेली चकती काढली, त्याच अँपिअरचा फ्यूज बसवला आणि मग त्यांच्या पेटीतून माझ्या ओळखीची एक गोष्ट निघाली: सिरीज लॅम्प. शंभर वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा बल्ब फेजच्या वायरमध्ये एकसर जोडायचा आणि त्यातून कार्डाला वीज द्यायची. कार्डात अजून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो, त्यामुळे कार्डावर आणखी काही जळत नाही. शॉर्ट नसेल तर मोठा कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मग विझत जातो. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळचा तो बल्ब एकदा लखकन उजळला आणि मंद होत विझला. काकांनी मीटर लावून कपॅसिटरवरचा दाब वाचला, तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास होता. हा आकडा अपेक्षितच होता, कारण २३० व्होल्टच्या एसीचे डीसी केले की त्याच्या शिखराइतके, म्हणजे ३२५ व्होल्ट मिळतात. त्यानंतर रिलेसाठीचे १२ व्होल्ट आणि मायक्रोकंट्रोलरसाठीचे ५ व्होल्टही बरोबर आले. गेले म्हणून बदलायला निघालेले कार्ड जिवंत होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणारे बरेच तरुण मला माहीत आहेत. वॉशिंग मशीनच्या पुष्कळ कार्डांत ५ व्होल्टची बाजू मुख्य विजेपासून वेगळी केलेली नसते. मोबाइलच्या चार्जरमध्ये असते तशी आड भिंत इथे नसते. मीटरवर ५ व्होल्ट दिसले तरी ती रेषा जमिनीच्या संदर्भात पूर्ण २३० व्होल्टवर असू शकते, आणि तिला बोट लागणे म्हणजे थेट फेजला हात लागणे आहे. शिवाय प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार काही मिनिटे राहू शकतो. काकांनी तो रेझिस्टरमधून उतरवला, मीटरवर शून्य पाहिले आणि मगच कार्डाला हात लावला. ज्याला हे करता येत नाही त्याने प्लग काढून डोळ्यांनी पाहावे आणि तिथेच थांबावे.

कार्ड मशीनमध्ये परत बसवण्याआधी काकांनी त्याला जोडलेल्या प्रत्येक भागाचा रोध मोजला, आणि याबद्दल मला त्यांचा विशेष आदर वाटला. पंपाची कॉइल दीडशे ओहमच्या आसपास, पाण्याच्या व्हॉल्व्हची सुमारे चार हजार ओहम, दोन हजार वॅटचा हीटर सव्वीस-सत्तावीस ओहम. सगळे जसे असायला हवे तसे. पंपाची कॉइल आतून शॉर्ट झाली असेल तर तो चालवणारा कार्डावरचा ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळतो, आणि नुसते कार्ड बदलले तर नवा ट्रायॅकही पहिल्याच धुण्यात जातो. मग ग्राहकाला सांगितले जाते की नवे कार्डही खराब निघाले.

जर्मनीत हीच तक्रार कशी हाताळली जाते ते मी इथल्या रिपेअर कॅफेत पाहत आले आहे. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेला हा उपक्रम आता इथल्या गावोगावी आहे; शनिवारी निवृत्त अभियंते एखाद्या सभागृहात बसतात आणि लोकांची बंद पडलेली यंत्रे त्यांच्यासोबत उघडतात. पण वॉशिंग मशीन कोणी उचलून आणू शकत नाही, आणि घरी तंत्रज्ञ बोलावला तर त्याच्या येण्याचेच पैसे इतके होतात की बरेच लोक जुने मशीन टाकून देतात. कायद्याची बाजू मात्र इथे भक्कम आहे. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात वॉशिंग मशीनच्या उत्पादकाला मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान १० वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात, आणि व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या त्या यादीत कार्ड आणि त्यातले सॉफ्टवेअरही आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात घरगुती उपकरणांचा समावेश आहे. परंतु शिरवण्याच्या काकांना आजही एखाद्या कार्डाचा सर्किट डायग्राम कंपनीकडून मिळत नाही, ते तांब्याच्या रेषा बोटाने शोधत जातात. जर्मनीत भाग मिळतो पण तो उघडून पाहणारा माणूस परवडत नाही, आणि नवी मुंबईत माणूस आहे पण त्याला माहिती मिळत नाही. या कौशल्याला आपण स्वस्त जुगाड समजतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

मशीन सुरू झाले होते, तरी काका पेटी आवरेनात. त्यांनी आईला विचारले, "ताई, मशीन बंद पडलं त्याच्या आधी घरात दिव्यांचं काही वेगळं जाणवलं का?" आई थोडी थांबून म्हणाली, "आदल्या संध्याकाळी बल्ब एकदम जास्त उजळला होता हो, आणि पंखा जोरात फिरत होता. समोरच्या काकू मात्र सांगत होत्या की त्यांचा पंखा फिरेचना." मशीन त्या वेळी चालू नव्हते, पण प्लग लावलेला होता आणि सॉकेटचे बटण दाबलेले होते, चकती मशीनच्या बटणाच्या आधीच बसलेली असल्यामुळे तेवढे पुरेसे होते.

एका घरात दिवे उजळ आणि समोरच्या घरात मंद, याचा अर्थ जाणकाराला लगेच कळतो: इमारतीचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटला आहे. इमारतीत तीन फेज येतात आणि घरे त्यांवर वाटलेली असतात. सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल घट्ट असेल तोपर्यंत प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. तो सुटला की दाब त्या-त्या फेजवरच्या भारानुसार वाटला जातो; जास्त भार असलेल्या फेजवर तो पडतो आणि कमी भाराच्या फेजवर तो चारशेच्या दिशेने चढू शकतो. आमच्या बाजूची बरीच घरे त्या संध्याकाळी रिकामी होती. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी मीटररूम उघडली तेव्हा ॲल्युमिनियमच्या केबलचा न्यूट्रलचा लग (टोकाची धातूची जोडणी) ओलाव्याने पांढरा पडून सैल झाला होता आणि त्याच्या भोवतीचे इन्सुलेशन वितळले होते. नवे कार्ड टाकून आम्ही स्वस्थ बसलो असतो, तर ते पुढच्याच पावसात गेले असते, आणि त्याच्या जोडीने फ्रिजही.

अशा बिघाडात दुकानात मिळणारा साधा स्पाइक गार्ड उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या आतही तीच निळी चकती असते आणि टिकून राहणाऱ्या दाबापुढे तीही जळते. घराच्या मुख्य डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवावा लागतो, जो ठरवलेल्या मर्यादेबाहेर दाब गेला की संपूर्ण घराची वीज तोडतो. आमच्याकडे तो आता २६५ व्होल्टवर लावला आहे, आणि वीज सुरळीत झाल्यावर काही मिनिटे थांबून मगच जोडतो, कारण फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तेवढी उसंत हवी असते. जर्मनीत दुरुस्तीनंतर अर्थिंगची चाचणी केल्याशिवाय यंत्र परत देत नाहीत. पाच मीटरपर्यंतच्या वायरसाठी प्लगच्या अर्थच्या पिनपासून पत्र्यापर्यंतचा रोध ०.३ ओहमच्या आत हवा असतो. माझ्या विनंतीवरून काकांनी मीटरच्या दोन्ही तारा आधी एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा रोध वजा केला आणि ही मोजणीही करून दिली.

त्या संध्याकाळी इमारतीतल्या आणखी काही घरांत टीव्हीचे ॲडॅप्टर आणि पाण्याचे प्युरिफायर गेले होते, आणि प्रत्येकाने ते आपापले बदलून घेतले होते. सोसायटीच्या सभेत आता दर मे महिन्यात मीटररूममधली सगळी टर्मिनल आवळून घेण्याचा ठराव झाला आहे, आणि त्यात फेजच्या बरोबरीने न्यूट्रलचाही उल्लेख बाबांनी आग्रहाने लिहून घेतला आहे.