चमचा

चमचा सापडला.

दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून खत चाळत बसले होते. आश्विनातलं ऊन, समोरच्या कठड्यावर कुणाच्या तरी दिवाळीच्या साफसफाईतल्या गाद्या, आणि माझ्या हातात गव्हाची जुनी चाळण. काळंभोर खत भुसभुस खाली पडत होतं. वर उरत होती ती नेहमीची मंडळी: आंब्याची कोय, अंड्याची टरफलं, चिंचोके आणि सफरचंदावरची ती इवलीशी गोल स्टिकरं. (सफरचंद चार महिन्यांत मातीला मिळतं, स्टिकर मात्र परवा चिकटवल्यासारखं. त्याचा गोंद कुठला आहे ते कळलं तर माझ्या चपलांना लावीन.) तेवढ्यात चाळणीत टण्ण वाजलं.

तोच. दह्याचा. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘य. गो.’, म्हणजे आजी. भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही अशी तिची समजूत होती. तिच्या ताटवाट्याच काय, उलथन्यावरही नाव होतं.

हे खताचं खूळ माझं मीच लावून घेतलेलं नाही. सोसायटीनं एक दिवस ‘ओला कचरा ज्याचा त्यानं घरीच जिरवावा’ असा फतवा काढला आणि मी भोकं पाडलेली बादली घेऊन बसले. पहिल्या महिन्यात तिला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी प्रेमानं ‘उंदीरबिंदीर मेलाय का गं?’ विचारलं. मग कळलं, मी नुसतं ओलं घालत होते. साली, चहाचा चोथा, उरलेली कोशिंबीर. ओल्याच्या बरोबरीनं सुकं लागतं, जरा जास्तच लागतं. वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा, नारळाच्या शेंड्या. मधूनमधून ढवळून हवा द्यायची. हवा नाही मिळाली की ते कुजत नाही, सडतं. कुजणं आणि सडणं यांतला फरक मला पन्नाशीला समजला. आता वॉचमनला सांगून झाडलेला पाला पोत्यात भरून ठेवते आणि मूठमूठ घालते, पोह्यांवर खोबरं घालावं तसा. आंबट ताकाचा एक हबका विरजणासारखा. पावसाळ्यात पांढऱ्या अळ्या झाल्या तेव्हा मात्र किंचाळले होते. त्या काळ्या माशीच्या अळ्या, निरुपद्रवी, उलट काम भरभर उरकणाऱ्या, असं वाचलं. वाचून किळस जात नाही, पण किंचाळणं थांबलं.

माझं सासर इंदूरचं. पोहे, शेव, सराफा एवढं ऐकून झालं की हल्ली स्वच्छतेतला पहिला नंबरही ऐकावा लागतो. त्यात माझी बादली पाहून नवरा म्हणाला, ‘कंपोस्टसुद्धा आमच्याकडचंच.’ दुर्दैवानं ते खरं निघालं. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या साहेबानं १९२४ ते १९३१ या वर्षांत इंदुरात राहून पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते ठरावीक वेळी उलटून तीनेक महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आता काय बोलणार!

पण शेण, राख आणि गवाणीतलं उष्टं आजीही टाकत होतीच, गोठ्यामागच्या उकिरड्यावर. तिला फक्त त्याला पद्धत म्हणतात हे माहीत नव्हतं. आम्हां पोरांना तिकडे जायची बंदी, म्हणून आम्ही तिथेच. थंडीच्या सकाळी त्यातून वाफा निघायच्या आणि हात खुपसला तर आत चांगलं ऊन ऊन लागायचं. दिवाळीत आजी एक पणती उकिरड्यावरही ठेवायची. देवाला, तुळशीला, विहिरीला आणि उकिरड्याला. मी एकदा नाक मुरडलं तर म्हणाली, ‘तोंड वाकडं करू नकोस, तुझी भाकरी तिथनंच येते.’

मृगाआधी गाडीत खत भरताना उकिरडा उपसला जाई आणि वर्षभर हरवलेलं एकेक बाहेर पडे. एका साली पितळी पळी निघाली, एकदा काकांच्या चावीचा जुडगा. आजीला त्याचं काही वाटायचं नाही. घरात काही हरवलं की ती शांतपणे म्हणायची, ‘उकिरड्यात असेल. निघेल मृगाला.’

हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. तरी आषाढात चमचा दिसेनासा झाला तेव्हा मी बादलीत बघितलं नाही. आता वाटतं, दह्याची वाटी खरवडून साली टाकल्या त्यात मीच तो टाकला असणार, दुसरं कोण?

तेव्हा मी कामाच्या मावशींना विचारलं. पहिल्यांदा अगदी साधं: ‘मावशी, तो लहान चमचा दिसला का हो कुठे?’ चार दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा आवाज जरा निराळा लागला. माझा मलाच ऐकू आला. ‘नाही ताई,’ एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काम आटोपून निघताना त्यांनी आपली कापडी पिशवी माझ्यासमोर उलटी केली, झटकली, घडी घालून काखेत धरली आणि चपला घातल्या. मी ‘अहो, हे काय’ म्हणायला हवं होतं. मी चहा गाळत राहिले.

तेव्हापासून रोज. उलटी करतात, झटकतात, घडी. सवयच झाली आहे म्हणा त्यांना. मलाही.

चमचा चिंचेनं घासला, लख्ख झालाय. ‘य. गो.’मधल्या ठिपक्यांत थोडं काळं बसलंय, ते टोकरूनही निघत नाही. उद्या साडेनऊला मावशी येतील. चमचा गुपचूप खरकट्या भांड्यांत ठेवून द्यावा, की आधी सांगावं? ‘मावशी, सापडला हो.’ तीनच शब्द. दुपारपासून मनात म्हणून बघतेय, नीट लागत नाहीत.

खत मात्र छान झालंय, पहिल्या पावसाचा वास येतोय. शेवंतीला घालीन, उरलेलं त्यांना देईन म्हणते. त्यांच्या दारात तुळस आहे. पिशवी असतेच त्यांच्याकडे.