तुम्ही विचारलंत म्हणून: आधी घरचं दूध सांगा

"कॉफी सुरू करायची आहे, कुठली घेऊ?" प्रश्न हाच असतो, आणि उत्तरात पुडीचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. उलट विचारतो, घरी दूध कुठलं येतं? त्यावर समोरचा नाराज होतो, मी उत्तर टाळतोय असं त्याला वाटतं. टाळत नाही. कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर दुधापासूनच सुरू होतं, म्हणून एकदा नीट सांगतो.

गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढलेलं म्हशीचं दूध पिणारं हे गाव. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, गायीच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. स्निग्धांश जितका जास्त, तितकी कॉफीची नाजूक चव आणि वास त्याखाली दबतो. हलकी भाजलेली, महागडी, शुद्ध अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य, सुवासिक जात, कुणीतरी कौतुकानं भेट देतं. ती साईच्या दुधात गेली की फळासारखा वास हरवतो आणि मागे उरतं किंचित आंबूस दूध. पिणारा म्हणतो, कॉफी काही आपल्याला मानवत नाही. कॉफी चांगली होती, दूधही चांगलं होतं, जोडी चुकली.

म्हणून माझा हिशेब असा. बिनपाण्याचं म्हशीचं दूध असेल, तर गडद भाजणी, अरेबिका आणि रोबस्टा (कॉफीची दुसरी, कडक आणि कडवट जात) निम्मी-निम्मी, वर १५ ते २० टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड. गायीचं किंवा पिशवीतलं टोन्ड दूध असेल, तर मध्यम भाजणी, अरेबिका तीन वाटे, रोबस्टा एक वाटा, चिकोरी १० टक्क्यांच्या आत. दूध घालणारच नसाल, तर मध्यम भाजलेली अरेबिका, चिकोरी अजिबात नको. दुकानात 'प्लँटेशन ए' म्हणाले तर ती धुऊन तयार केलेली अरेबिका, 'रोबस्टा चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेला रोबस्टा. 'पीबी' म्हणजे पीबेरी: फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरलेलं. तेवढ्यानं ती सरस ठरत नाही, नवख्यानं त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

चिकोरीवरून माझ्याशी भांडणारे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं पूर्वी माझंच होतं. चिकोरी म्हणजे भेसळ, शुद्धच घ्या, असा सल्ला मी वर्षानुवर्षं दिला. आता देत नाही. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे. त्यात कॅफिन नसतं. तिनं डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरणाऱ्या दाट अर्काला, रंग, दाटपणा आणि कारमेलसारखा गोडसर कडवटपणा येतो, आणि दाट दुधासमोर तो टिकतो. पण ती स्वस्त असते, म्हणून प्रमाण वाढवण्याचा मोह विकणाऱ्याला होतो, ही माझी जुनी तक्रार मी मागे घेतलेली नाही. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा आपल्याकडे नियम आहे आणि दोन्हींची टक्केवारी पुडीवर छापावी लागते. ती वाचा. चिकोरी तीसच्या वर गेली की तुम्ही कॉफी शिकत नाही, चिकोरी शिकता.

आता फिल्टर. कॉफी सोडून देणारे बहुतेक लोक इथंच सोडतात, म्हणून इथं घाई करत नाही.

रविवारी सकाळी नवा स्टीलचा फिल्टर निघतो. वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यात पावडर, वर दांडीची चकती, उकळतं पाणी, झाकण. दहा मिनिटांनी खाली चार थेंब. अर्ध्या तासानं तेवढेच. मग कुणीतरी चकती उचलून चमच्यानं ढवळतं, पाणी भसकन उतरतं आणि चोथ्यासकट चिखल खाली येतो. तोच दुधात घालून पुन्हा उकळला जातो. घरभर कडू वास. फिल्टर माळ्यावर जातो. एवढं सगळं घडून गेल्यावर मला विचारलं जातं, दुसरी कुठली पावडर घेऊ?

पावडर बदलायच्या आधी चार गोष्टी तपासा. दळण पिठासारखं असेल तर भोकं बुजतात. बारीक रव्याहून जरा बारीक हवं. चकती दाबून बसवली तर थर घट्ट होतो. ती नुसती टेकवायची. चिकोरी पाण्यात फुगते, तिचं प्रमाण जास्त असेल तर गळणं मंदावतं. आणि चौथं, जे कुणी सांगत नाही: वरचं भांडं खालच्यात फार घट्ट बसलं तर खालची हवा बाहेर पडत नाही आणि थेंब थांबतो. वरचं भांडं किंचित फिरवून सैल करा, गळू लागतं. ढवळायचं कधीच नाही. याच्या उलट, पाच मिनिटांत सगळं पाणी उतरलं तर दळण जाड आहे, डिकॉक्शन फिकं होणार.

माप: २० ग्रॅम पावडर, म्हणजे पोह्याचे चार सपाट चमचे, आणि १२० मिली पाणी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी पावडर भिजेल एवढंच पाणी, तीस सेकंदांनी उरलेलं. वीस ते तीस मिनिटांत ८० मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं, बाकीचं पाणी चोथा धरून ठेवतो. एका कपाला ४० मिली डिकॉक्शन, १२० मिली गरम दूध. उकळायचं ते दूध, डिकॉक्शन नाही. चहाच्या सवयीनं हात पातेल्याकडे जातो, तो आवरावा लागतो.

पुडी १०० ग्रॅमचीच घ्या. वरच्या मापानं दहा कप होतात, आवड-नावड कळायला पुरेसे. दळलेल्या कॉफीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा पावडरीत ओल भरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा चमचा. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये नको, बाहेर काढला की आत दव धरतं.

झोपेचं विचारणाऱ्यांना एवढंच: रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. संध्याकाळी प्यायची असेल तर मिश्रणातला रोबस्टा कमी करा.

इन्स्टंटनं सुरुवात केली तर चालेल का? चालेल. कपाला एक सपाट छोटा चमचा, आधी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून मग दूध. पण इथंही टक्केवारी वाचा, तिच्यातही बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते.

राहिला गूळ आणि जायफळ. आपला गूळ घाला, पण कप आचेवरून उतरल्यावर. उकळत्या दुधात काही गुळांनी दूध फाटतं. जायफळाचं मी नक्की सांगू शकत नाही. पाहुण्यांच्या कॉफीत ते उगाळून घालायची आपली रीत आहे, आणि अनेकांच्या जिभेवर कॉफीची चव म्हणून जी बसली आहे ती जायफळ, साखर आणि आटलेल्या दुधाचीच आहे. ते सोडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिले दहा कप मात्र त्याच्याशिवाय प्या. अकराव्याला किसणीवर दोनदा घासा आणि कुठला कप आवडला ते मला सांगा.