धडधड देवचाराची की चहाची?

आमच्या मालवणच्या बाजूला अजून काही वाड्यांत व्हाळावर लाकडी साकव आहेत, म्हणजे दोन-तीन ओंडके आडवे टाकले की झालं, धरायला काठी असली तर असली. खाली पावसाचं लाल पाणी, पाय लटपटतात, छाती धडधडते. आपण म्हणणार, घाबरलो म्हणून धडधडलं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८४ साली हे उलटंच करून टाकलं, त्याच्या मते शरीर आधी हलतं आणि ते हललेलं जाणवणं हीच भीती.

वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला हे काही पटलं नाही. १९२७ साली त्याने काढलेला मुद्दा मला जाम आवडतो. राग आला तरी धडधड, घाबरलो तरी धडधड, ताप चढला तरी धडधड, मग नुसत्या धडधडीवरून भावना ओळखायची कशी?

शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मधला रस्ता काढला. कॉलेजच्या पोरांना व्हिटॅमिन म्हणून ॲड्रेनलिनचं, म्हणजे छाती धडधडवणारं, इंजेक्शन दिलं, काहींना खरा परिणाम सांगितला, काहींना नाही, आणि शेजारी एक नाटकी माणूस बसवला, कधी खिदळणारा तर कधी चिडलेला. त्यांचं म्हणणं, धडधडीचं कारण ज्याला माहीत नाही तो आजूबाजूला बघून तिला नाव देतो.

हे वाचताना मला जत्रेतला दशावतार आठवला. खूप चहा ढोसलेला, जागरण, थंडी, नाटक अर्धवट टाकून काळोखातून चालत घरी निघालेलो, छाती आधीच उडत होती, आणि वडाजवळ आल्यावर आते हळूच म्हणाली, "थंयसर देवचार आसा, मागे बघू नको." देवचार म्हणजे आमच्याकडचं भूतच. झालं! त्या धडधडीचा देवचार झाला. आते गप्प राहिली असती तर मी ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं असतं बहुतेक.

अर्थात इतकं सोपंही नाही म्हणा. १९७९ मध्ये मार्शल-झिम्बार्डो या संशोधक जोडीने आणि वेगळं मास्लाक यांनी असेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा शॅक्टरचे निकाल काही मिळाले नाहीत, कारण न कळलेली धडधड लोकांना वाईटच वाटत होती, शेजारचा हसत असला तरी. मला हे जास्त पटतं, कारण त्या वडाखाली आतेने जोक मारला असता तरी मी हसलो असतो असं वाटत नाही, चालण्याचा स्पीड मात्र वाढवला असता.