प्रवेशाची टक्केवारी काढताना विभागाची अट विसरू नका

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमधल्या सम-इफ्स (SUMIFS, अटींत बसणाऱ्या ओळींतल्या आकड्यांची बेरीज) आणि काउंटइफ्स (COUNTIFS, अशा ओळींची मोजणी) या फंक्शनांचा प्रवेशांच्या आकड्यांवर सराव करायचा असेल, तर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे १९७३चे पदव्युत्तर प्रवेश घ्या. सर्वांत मोठे सहा विभाग, ४,५२६ अर्ज. हा डेटा साधारणपणे २४ ओळींत मावतो: ए कॉलममध्ये विभाग, बीमध्ये लिंग, सीमध्ये निकाल, डीमध्ये अर्जांची संख्या.

पहिली चूक इथेच होते. काउंटइफ्स ओळी मोजतं, अर्ज नव्हे. विभाग, लिंग आणि निकाल अशा तिन्ही अटी घातल्या की या तक्त्यावर प्रत्येक उत्तर १ येतं. एका अर्जाला एक ओळ असेल तेव्हा काउंटइफ्स, आकडे आधीच एकत्र केलेले असतील तेव्हा सम-इफ्स.

आधी फक्त लिंगानुसार दर काढा. अंशात लिंग आणि निकाल, छेदात फक्त लिंग. पुरुष २,६९१ पैकी १,१९८, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रिया १,८३५ पैकी ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. भेदभाव उघड दिसतो, नाही का?

आता विभाग जोडा. एफ कॉलममध्ये विभागांची नावं (ए, बी, सी अशी), जी१ मध्ये पुरुष, एच१ मध्ये स्त्री. जी२ मधला छेद असा:

=सम-इफ्स($डी$२:$डी$२५, $ए$२:$ए$२५, $एफ२, $बी$२:$बी$२५, जी$१)

अंशात याच्याच शेवटी सी कॉलम आणि "प्रवेश" ही जोडी येते. डॉलरची चिन्हं नीट बघा, ती सूत्र ओढताना पुढचं अक्षर किंवा आकडा बदलू देत नाहीत: एफपुढे डॉलर नसेल तर सूत्र उजवीकडे ओढताच विभागाऐवजी दुसरंच काहीतरी वाचलं जातं.

विभाग एमध्ये पुरुष ६२.१, स्त्रिया ८२.४ टक्के. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचा दर वरचढ! कारण अर्ज कुठे केले त्यात आहे. ए आणि बी या सढळ हाताने प्रवेश देणाऱ्या विभागांत पुरुषांचे १,३८५ अर्ज होते, स्त्रियांचे अवघे १३३.

विभागवार दरांची मात्र ॲव्हरेजने सरासरी काढू नका. तसं केलं तर पुरुष ३८.१ आणि स्त्रिया ४१.७ येतात, कारण बी विभागातल्या २५ स्त्रियांना सी विभागातल्या ५९३ जणींइतकंच वजन मिळतं. एकूण दर हवा असेल तर अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज.

सूत्रातल्या रेंज ($डी$२:$डी$२५ सारखे सेलचे पट्टे) लहानमोठ्या असतील तर सूत्र एरर देऊन ओरडतं, ते बरं. "स्त्री" नंतर चुकून राहिलेली मोकळी जागा मात्र ती ओळ गुपचूप गाळते. म्हणून सगळ्या छेदांची बेरीज ४,५२६ येते का ते पाहा. न आल्यास बी कॉलमवर ट्रिम (जादा मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) चालवा. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस ट्रिमला निघत नाही, ती सब्स्टिट्यूटने (एका अक्षराजागी दुसरं घालणाऱ्या फंक्शनने) काढावी लागते.

तुमच्या डेटात एखाद्या विभागात कोणीच अर्ज केला नसेल, तर शून्याने भागल्याची एरर येईल. इफ-एररने (एररच्या जागी आपण सांगू ते दाखवणाऱ्या फंक्शनने) तिथे ० भरू नका, सेल रिकामा ठेवा. अर्जच न येणं वेगळं आणि आलेले सगळे नाकारले जाणं वेगळं.