काच कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं, पण आधी भिंत

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माझा फ्रेमिंगचा स्टुडिओ आहे. जागा जेमतेम दहा बाय बारा. त्यात पट्ट्यांचा स्टँड, माउंट (चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा) कापायचं टेबल, गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. चार बाय तीनची काच टेबलावर आडवी पडली की बाकीचं काम ठप्प. हिरकणी (हाताने काच कापायचं अवजार) हातात बसलेली होती, छोट्या तुकड्यांची तक्रार नव्हती. पण हल्ली कुरिअरने फ्रेम पाठवायची म्हणून लोक काचेऐवजी अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिकचं शीट) मागतात. मोठं शीट टेबलावर हुकने खरवडत बसणं म्हणजे कंबरेची वाट. म्हणून काच आणि अॅक्रिलिक दोन्ही कापणारं, भिंतीवरचं उभं मशीन बघायला लागलो.

माझ्या यादीत फ्लेचर कंपनीची 3000 आणि 3100 ही दोन मॉडेलं आणि कीनकटचं एक्सकॅलिबर होतं. विक्रेते 'काय काय कापतं' ते सांगत बसतात. मी उलटीकडून सुरुवात केली: माझ्याकडे रोज काय कापलं जातं? दोन मिमी काच, दोन-तीन मिमी अॅक्रिलिक, माउंटबोर्ड, फोमबोर्ड. 3100 ला पातळ अॅल्युमिनियमसाठी चाकांची जोडी मिळते. ती साइनबोर्डवाल्यांच्या कामाची. मी पत्रा कापत नाही, मग तिचे पैसे का मोजू? 3000 वर 63 इंचांपर्यंत उभा काप मिळतो आणि सहा मिमीपर्यंत काच चालते. मला एवढं पुष्कळ होतं.

जागेचा हिशेब मात्र कोणी नीट सांगत नाही. मशीन भिंतीला टेकून राहतं हे खरं, पण शीट डावी-उजवीकडे सरकतं. चार फूट रुंद शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही काप घ्यायचा तर दोन्ही बाजूंना मिळून आठेक फूट मोकळी भिंत लागते. वर पोटमाळा असेल तर रुळाचं (ज्यावरून कापणारं डोकं वर-खाली सरकतं) वरचं टोक कुठे येतं तेही टेप लावून बघा.

आता भिंत. वाड्याची भिंत विटांची, पण आत चुन्या-मातीची भर. ओळंबा सोडला तर वर आणि खाली चांगला बोटभर फरक. फास्टनरसाठी भोक पाडलं तर ड्रिलमधून नुसती माती भुरभुरत आली. (सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीतही साधे फास्टनर भरवशाचे नाहीत, हे नव्या फ्लॅटवाल्यांनी लक्षात ठेवावं.) शेवटी फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची चौकट करून घेतली. खाली फरशीत बोल्ट, वर तुळईला पकड, भिंतीचा आधारच नाही. चौकट ओळंब्यात आणून मगच मशीन लावलं. मशीनइतकाच विचार या चौकटीवर गेला, आणि तो वाया गेला नाही.

घेण्याआधी डेमो मागा, आणि काटकोन स्वतः तपासा. रविवार पेठेतल्या आमच्या काचवाल्या चाचांनी शिकवलेली युक्ती सांगतो. वरची आणि खालची कड सरळ आणि समांतर असलेला माउंटबोर्ड मशीनवर उभा कापायचा. एक तुकडा तसाच ठेवायचा, दुसरा वरची कड खाली येईल असा पालथा करून शेजारी लावायचा, दोघांच्या खालच्या कडा एका रेषेत ठेवून. कापलेल्या कडा वरपासून खालपर्यंत चिकटल्या तर काटकोन बरोबर. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. "बेटा, गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) खोटा बोलेल, पालथा तुकडा बोलणार नाही," असं म्हणून चाचांनी मला स्वतः करून दाखवलं. फ्रेमच्या खाचेत काच थोडी सैल बसावी लागते. तिरकी काच कोपऱ्यात अडकून उन्हाळ्यात तडकते, आणि मग गिऱ्हाईक आपल्या दारात.

काचेवर चाक जी रेघ मारतं, तीही बघा. चांगली रेघ केसाएवढी, डोळ्याला अंधूक दिसते. पांढरी, भुकटी उडवणारी रेघ म्हणजे दाब जास्त किंवा चाक बोथट. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवायचं नाही, आणि रेघ मारली की काच लगेच तिच्यावर मोडायची. टफन (तापवून कडक केलेली) काच कोणत्याच मशीनवर कापता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आजही रोज समजवावं लागतं.

मी सेकंडहँड 3000 घेतलं, पण सौद्यातच काचेची नवी चाकं आणि अॅक्रिलिकची पाती मागून घेतली. ही खपणारी वस्तू आहे, ऐनवेळी बाहेरून मागवायची तर काम अडतं. सध्या माउंटबोर्डची रद्दी मशीनच्या पायाशी साठते, तिच्यासाठी खाली एक ट्रे करून घ्यायचाय.