ग, ध, रे, प, नी, ग

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची गिटार घरीच राहिली. धूळ झटकण्यापलीकडे तिला कधी हात न लावणारा मी, श्रावणातल्या एका ओल्या दुपारी ती मांडीवर घेऊन बसलो आणि मुलीला फोन करून विचारले, की यात सा कुठे आहे. ती म्हणाली, "बाबा, सा नंतर शोधा. आधी सी मेजर धरा."

पेटीवर वाढलेल्या माणसाला कानावर पडलेल्या आवाजाला स्वराचे नाव दिल्याशिवाय चैन पडत नाही. पांढरी एक हा सा मानला, तर गिटारच्या सहा मोकळ्या तारा जाडीपासून बारकीपर्यंत ग, ध, रे, प, नी, ग अशा बोलतात. त्यांत सा नाही आणि मध्यमही नाही. तार दाबल्याशिवाय जे वाद्य सा देत नाही त्याच्यावर भरवसा ठेवावा का, असे मला अजूनही अधूनमधून वाटते.

तर सी मेजर, म्हणजे सा चा कॉर्ड, एकदम वाजवायचे सा ग प. तारा बारकीकडून मोजायच्या आणि फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधले बोट चौथीवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका ताणून पाचवीवर तिसऱ्या फ्रेटला. सहावी तार सोडून बाकीच्या छेडल्या, की सा, ग, प, सा, ग असे एका दमात उमटते. फ्रेट पक्क्या ठोकलेल्या असल्यामुळे तो गंधार पेटीतल्यासारखाच किंचित चढा लागतो, पण ते चालवून घेतले. कारण तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता.

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनाला पेटीची साथ करणारे एक गुरुजी होते. एकदा ते चहाला उठले तेव्हा मी डाव्या हाताने भाता मारत उजव्या हाताने तीन पट्ट्या एकदम दाबल्या. गाभाऱ्यापर्यंत तो आवाज भरून राहिला आणि आपण काहीतरी शोधून काढले आहे अशी माझी खात्री झाली. गुरुजी बशी हातात घेऊन तसेच परत आले. "अरे, पेटी आहे ती, मोटारीचा भोंगा नव्हे. एका वेळी एकच स्वर," असे म्हणत त्यांनी माझी दोन बोटे उचलून बाजूला ठेवली आणि सा वरचे तेवढे राहू दिले.

सी मेजरवरून ए मायनर या धैवताच्या कॉर्डवर जाताना ती गोष्ट पुन्हा आठवते, कारण तिथे फक्त एक बोट उचलायचे असते. तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाहीत. अनामिका पाचवी तार सोडते, तेव्हा तिथल्या सा चा खर्जातला धैवत होतो; तीच अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला टेकते, तेव्हा तिथल्या पंचमाचाही धैवत होतो. सा आणि गंधार तसेच राहतात, प जातो, ध येतो आणि उजेडातली खोली एकाएकी कलत्या दुपारची होते. ज्या बोटाला आपण नावही दिले नाही, त्याच्याकडून हे काम होते.

मुलीने पुढे एक हिशेब सांगितला तो मला फार आवडला. सा चा कॉर्ड म्हणजे सा ग प, मध्यमाचा म ध सा आणि पंचमाचा प नी रे. या तिघांत मिळून सातही शुद्ध स्वर येतात, त्यामुळे शुद्ध स्वरांतल्या कितीतरी साध्या चाली तीन कॉर्डांत निभावतात. हिशेब चोख आहे, अडचण मध्यमात आहे. मध्यमाचा कॉर्ड म्हणजे एफ मेजर, आणि त्यासाठी तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून उरलेली तीन बोटे पुढे रोवावी लागतात. पेटीवर ज्या मध्यमाला बोट नुसते टेकले की पुरे, तो इथे मनगटापर्यंत कळ आणतो, आणि एवढे करून दुसरी तार 'थप्' असा लाकडी आवाज करून गप्प बसते. दोन महिने झाले, बोटांच्या टोकांना घट्टे पडले, दुसरी तार काही बोलत नाही.

म्हणून तूर्त मी भूप रागातल्याच चाली वाजवतो. त्याला सा चा कॉर्ड आणि धैवताचा मायनर एवढे पुरते, आणि भूपात मध्यम वर्ज्य आहे.