सेल बदलायला गेलो होतो

मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीतून फोन आला. ‘गॅस गीझर पेटत नाही, सेल बदलून द्या.’ योगी हिलच्या बाजूला जानेवारीत पहाटे चांगलाच गारवा असतो, त्यामुळे असे फोन रोजचेच. ठिणगी दीड व्होल्टच्या दोन सेलवर पडते आणि दमट बाथरूममध्ये ते लवकर गंजतात.

सेल बदलून नळ सोडला. ज्योत पेटली, पण पिवळी, लांब, डोलणारी. गीझरच्या वर भिंत काळवंडलेली. बोट फिरवलं तर काजळी. खिडकीच्या काचपट्ट्यांवर आतून पुठ्ठा आणि चिकटपट्टी.

‘‘कबुतरं येतात हो, आणि वाराही झोंबतो,’’ आजी म्हणाल्या.

‘‘आंघोळीला गेल्यावर कुणाला गरगरतं का?’’

सून म्हणाली, ‘‘हिला रविवारी चक्कर आली. डोकं तर माझंही दुखतं. वाटलं, पाणी फार कढत घेतो म्हणून असेल.’’ नात दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. माझ्या पोटात गोळा आला. आधी गॅस बंद केला, मग पुठ्ठा ओरबाडून काढला.

जळायला पुरेशी हवा नसली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतं. माणूस गुदमरून ओरडतही नाही. पेंगुळतो, कोसळतो, आणि कडी आतून लावलेली असते.

आजींचा मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘आजच्यापुरता चालू ठेवा ना.’’ मी साफ नाही म्हटलं. दोघींना डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गीझर किचनमागच्या उघड्या ड्राय बाल्कनीत नेला. बर्नर साफ केला, धूर बाहेर सोडणारा पाइप बसवला, आयएसआय मार्कची नवी गॅसनळी लावली. बाथरूमची भिंत लागूनच, त्यामुळे गरम पाण्याची लाइन आखूड झाली. तिच्यावर फोमचं वेष्टण चढवलं. लाइन लांबली की तेवढं गार पाणी आधी वाया जातं आणि गॅसही जास्त जळतो. आता ज्योत निळी, आखूड, स्थिर. कबुतरांसाठी खिडकीला बाहेरून तारेची जाळी ठोकली.

आजी म्हणाल्या, ‘‘अहो, शेजारच्यांचाही गीझर बाथरूममध्येच आहे.’’

‘‘बिलाचं मागाहून बघू, आजी. आधी त्यांची बेल वाजवा.’’